उघड्या यंत्राची घड्याळं: पॅरिसचं सोनेरी ब्राँझ, पांढरा संगमरवर आणि स्केलेटन क्लॉक

सेनकाठ

जुन्या फ्रेंच घड्याळांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मूर्तीवालं घड्याळ येतं. वर एखादी ग्रीक देवी रेलून बसलेली, बाजूला पंखवालं बाळ, आणि त्या सोनेरी पसाऱ्यात मधेच कुठेतरी तबकडी. मला आज त्याच्या अगदी उलट जातीबद्दल लिहायचंय. या घड्याळाला मूर्ती नाही, पेटी नाही, पाठीमागे झाकण नाही. खाली पांढऱ्या संगमरवराचा चौथरा, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझची नक्षी आणि मधे सगळं यंत्र उघडं. धूळ बसू नये म्हणून वरून काचेची हंडी. याला स्केलेटन क्लॉक म्हणतात.

मी पॅरिसमध्ये राहते. इथे लिलावाच्या आधी सगळ्या वस्तू मांडून ठेवतात आणि कुणीही फुकट जाऊन बघू शकतं. अशाच एका मांडणीत अठराव्या शतकाच्या अखेरचं एक घड्याळ भिंग लावून बघायला मिळालं.

चौथरा लंबगोल होता. कडेने ब्राँझच्या मण्यांची माळ, खाली भोवऱ्याच्या आकाराचे छोटे पाय. एरवी घड्याळाच्या यंत्राला पुढेमागे दोन भरीव पितळी पाट्या असतात आणि चाकं त्यांच्यामध्ये बसवलेली असतात. इथे त्या पाट्या इतक्या कापून काढलेल्या की उलट्या वाय अक्षराची बारीक चौकट तेवढी उरलेली. तबकडीही पूर्ण नाही. पांढऱ्या मिन्याची कडी, तिच्यावर आकडे, मधली जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेतून मागची चाकं फिरताना दिसतात. सगळ्यात खालच्या मोठ्या चाकाचे दाते इतके बारीक की नुसत्या डोळ्यांनी मोजणं अवघड.

सगळ्यात वर एस्केपमेंट. लंबकाच्या झोक्याबरोबर चाकाला एकेक पाऊलच पुढे जाऊ देणारा हा भाग. टिकटिक इथूनच येते. या घड्याळात पिन-व्हील जातीचं एस्केपमेंट होतं. म्हणजे चाकाच्या कडेला दाते नसून चाकाच्या अंगावर काटकोनात उभ्या रोवलेल्या पिना असतात. लंबकाबरोबर दोन बाहू हलतात. एक पिन एका बाहूच्या उतरणीवरून घसरते, घसरताना लंबकाला हलकासा रेटा देते आणि सुटते. लगेच पुढची पिन दुसऱ्या बाहूवर येऊन टेकते आणि टेकल्यावर जागची हलत नाही. जुन्या अँकर एस्केपमेंटच्या घड्याळात सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला किंचित मागे सरकतो, तसं इथे होत नाही. लुई आमां या फ्रेंच कारागिराने १७४१ च्या सुमारास ही रचना केली. ज्यां-आंद्रे लपोतने १७५३ मध्ये पिना चाकाच्या दोन्ही अंगांना बसवून ती सुधारली. हे सगळं वाचून माहीत होतं, पण पिन उतरणीवरून घसरताना प्रत्यक्ष बघितली तेव्हा ते खरं डोक्यात शिरलं.

लंबक जाळीचा होता, म्हणजे पोलाद आणि पितळ यांच्या उभ्या सळ्या आलटूनपालटून जोडलेला. ही जॉन हॅरिसनची कल्पना, इंग्लंडात १७२० च्या दशकात निघालेली. नुसती पोलादी सळई तापमान एक अंश सेल्सियसने चढलं की एवढी वाढते की घड्याळ दिवसाला जवळपास अर्धा सेकंद मागे पडतं. पितळ पोलादापेक्षा जास्त वाढतं. म्हणून पोलादी सळ्या गोळा खाली ढकलतात तेव्हा पितळी सळ्या तो तेवढाच वर उचलतात, आणि लांबी कायम राहते. बऱ्याच लहान घड्याळांमध्ये ही जाळी केवळ शोभेची असते, खालीवर सरकतच नाही. या घड्याळातली खरी होती.

माझं म्हणणं असं की या घड्याळात सोनं सर्वात शेवटी बघावं. मूर्तीवाल्या घड्याळात ब्राँझवाला बाजी मारून नेतो. यंत्र आत झाकलेलं, त्यामुळे घड्याळजीने एखादं चाक खरखरीत सोडलं तरी दोनशे वर्षं कुणाला कळत नाही. उघड्या यंत्रात ती सोय नाही. प्रत्येक आरा कानसून, घासून, चकाकी देऊन पूर्ण करावा लागतो, मागची बाजूसुद्धा. पॅरिसमध्ये घड्याळजी, ब्राँझ ओतणारे आणि मुलामा देणारे यांचे संघ १७७६ पर्यंत वेगवेगळे होते. कुणी दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही असा नियम. त्यात मिनाकाम करणारा आणि संगमरवर घडवणारा धरा. इतक्या हातांचं काम एका चौथऱ्यावर आलं, आणि त्यात पहिल्यांदाच घड्याळजीचं काम सगळ्यांच्या पुढे उभं राहिलं.

ही आवड वाढली त्याच काळात ज्यां-आंतवान लेपिन (१७२० ते १८१४) याने खिशातल्या घड्याळाची वरची पाटीच काढून टाकली आणि प्रत्येक चाकाला वेगळा छोटा पूल, म्हणजे आधाराची पट्टी, दिली. ते साल १७६४-६५ च्या आसपासचं. घड्याळ त्यामुळे पातळ झालं आणि दुरुस्तीला सोपंही. यंत्र उघडं, सुटसुटीत असावं ही ओढ दोन्हीकडे दिसते.

मिनाकामात त्या काळचं मोठं नाव जोझेफ कोतो. जन्म जिनिव्हाचा, १७४०, मृत्यू १८०१. सेव्हरच्या पोर्सिलेन कारखान्यासाठीही त्याने काम केलं. त्याच्या कड्यांवर राशींची चिन्हं, बारीक फुलांच्या माळा आणि सोन्याचे ठिपके असतात, आणि कुठेतरी अगदी लहान अक्षरात सही. रिदेल या घड्याळजीच्या स्केलेटन घड्याळांवर त्याच्या तबकड्या आढळतात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या काही घड्याळांवर दोन दोन पंचांगं असतात. त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन. इथे कुणाकडे असं घड्याळ आहे का? किंवा कुणी जवळून पाहिलंय का?

सराफकट्टा

वाचताना वेळ कसा गेला कळलं नाही. आमचं घराणं सोन्याच्या कामातलं, म्हणून विचारतो: हा मुलामा पाऱ्याचा ना? आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय की पूर्वी असं काम व्हायचं आणि ते करणाऱ्याचे हात पुढे पुढे थरथरायला लागायचे.

सेनकाठ

हो, पाऱ्याचाच. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा मऊ गोळा करायचा. ब्राँझचा तुकडा आम्लाने स्वच्छ करून त्यावर पाऱ्याच्या क्षाराचं पाणी फिरवायचं, मग तो गोळा ब्रशने चोपडायचा आणि कोळशावर धरायचा. पारा ३५७ अंशांना उकळतो. तो उडून जातो आणि सोनं ब्राँझला घट्ट धरून राहतं. मग अकीकाच्या दगडाने जिथे हवं तिथे घोटून चकाकी आणायची आणि बाकीचं मंद ठेवायचं. एकाच पानावर शीर चकचकीत आणि पातं मखमली दिसतं ते यामुळे.

उडालेला पारा जायचा तो कारागिराच्या छातीत. हात थरथरणं, दात पडणं, अकाली मरण. आंतवान-आंद्रे राव्हरिओ हा पॅरिसमधला नावाजलेला ब्राँझ कारखानदार, १८१४ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात ३००० फ्रँक ठेवले: मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो काढेल त्याला विज्ञान अकादमीने हे बक्षीस द्यावं. ते १८१८ मध्ये दार्से या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. त्याने भट्टीची रचना अशी केली की धुराड्यातल्या जोरदार ओढीने वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता सरळ वर जाते. या घड्याळांसमोर उभं राहिलं की मला त्या मुलामा देणाऱ्यांची आठवण होतेच. घड्याळजीचं नाव तबकडीवर असतं, त्यांचं कुठेच नसतं.

सराफकट्टा

मग विजेचा मुलामा आणि हा यांत फरक कसा ओळखायचा? ग्राहक मला नेहमी विचारतात.

घड्याळजी_नाशिक

हे मी सांगतो. मागची बाजू बघा. पाऱ्याचा मुलामा महाग आणि हाताने चोपडलेला, त्यामुळे जे दिसणार नाही तिथे तो द्यायचेच नाहीत. मागे उघडं ब्राँझ, त्यावर कानशीच्या खुणा, कडेने एखादा ओघळ आलेला. विजेच्या मुलाम्यात तुकडा सबंध बुडतो, पुढे-मागे सारखाच रंग. विजेची पद्धत इंग्लंडातल्या एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटनंतर पसरली. मात्र यावरून घड्याळाचं वय एकदम ठरवू नका, कारण जुन्या तुकड्यांवर नंतर विजेचा मुलामा चढवलेले कितीतरी नमुने बाजारात आहेत.

स्क्रूसुद्धा बघा. जुने स्क्रू हाताने कापलेले, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नसतं, आणि प्रत्येक स्क्रू आपापल्याच भोकात नीट बसतो. म्हणून उघडताना कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवावं लागतं.

मंद्रसप्तक

ताई, दोन पंचांगांचं लिहाच. दहा तासांचा दिवस खरंच होता का?

सेनकाठ

होता. क्रांतीनंतरच्या सरकारने १७९३ च्या शरद ऋतूत नवं पंचांग काढलं आणि वर्षारंभ मागे नेऊन २२ सप्टेंबर १७९२ धरला. बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा, वर उरलेले पाच किंवा सहा दिवस वर्षाखेरीस. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग, म्हणजे सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. महिन्यांना ऋतूंवरून नावं दिली: धुक्याचा ब्र्युमेर, उन्हाळ्याच्या तापाचा तेर्मिदोर, द्राक्षांच्या हंगामाचा व्हाँदेमियेर.

त्याच वेळी दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं आणि मिनिटाचे शंभर सेकंद ठरले. म्हणजे एक नवा तास आपल्या १४४ मिनिटांचा. दुपारी बाराला पाच वाजायचे, संध्याकाळी सहाला साडेसात. घड्याळजींनी तबकड्या केल्या, काहींवर दहाचे आणि बाराचे दोन्ही आकडे. पण ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने दशमान वेळेची सक्ती स्थगित झाली. गंमत अशी की मीटर, लिटर आणि ग्रॅम ज्या कायद्याने ठरले तो हाच कायदा. लांबी आणि वजनात दशमान राहिलं, वेळेतून गेलं. कारणं सरळ आहेत. वजनमापात गावागावांत गोंधळ होता म्हणून लोकांना नवं माप हवं होतं. वेळेत असा गोंधळ नव्हता, आणि सगळी घड्याळं बदलण्याचा खर्च कुणालाही परवडणारा नव्हता.

पंचांग मात्र टिकलं. ते १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने बंद केलं. म्हणून स्केलेटन घड्याळाच्या कड्यांवर प्रजासत्ताकाचे महिने आणि जुने ग्रेगोरियन महिने दोन्ही असले, तर ते घड्याळ १७९३ ते १८०५ या बारा वर्षांतलंच, नाहीतर नंतर केलेली नक्कल. इतकी चोख तारीख क्वचितच एखादी वस्तू स्वतःच सांगते. पॅरिसला आलात तर मारे भागात कार्नाव्हाले संग्रहालय आहे, कायमचा संग्रह फुकट बघता येतो. तिथे दशमान वेळेची घड्याळं आहेत.

काहींमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. सूर्य रोज बरोबर बाराला माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं मागे. हा फरक दाखवायला किडनीच्या आकाराचा एक पितळी तुकडा असतो. तो वर्षात एक फेरा पूर्ण करतो आणि त्याच्या कडेवरून एक बोट सरकत राहतं. त्या कडेचा प्रत्येक उंचवटा म्हणजे त्या दिवसाची सूर्याची चूक. पेटीबंद घड्याळात हा तुकडा कधीच दिसत नाही, इथे तो डोळ्यांसमोर असतो. मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

गिरगाव_जुनं

वेळ बदलायला लोक तयार होत नाहीत हे आपल्याकडेही घडलंय. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही. मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागे चालायची, आणि हे १९५५ पर्यंत चाललं. आमच्या घरी वडीलधारी माणसं ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम’ असं विचारून मगच वेळ ठरवत.

शेवंती

मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्याकडे असं एक घड्याळ आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी मुंबईत घेतलेलं, कुणाकडून ते आता कुणालाच माहीत नाही. पांढरा संगमरवर, सोनेरी नक्षी, काचेची हंडी. चालतं, पण तीनला पाच टोले देतं आणि चारला सहा. शिवाय सोनेरी भाग काळपट झालाय, संगमरवरावर पिवळे डाग आहेत. एकांनी सुचवलं की चिंचेने किंवा पितळ घासायच्या पावडरीने चकचकीत होईल, नाहीतर सरळ नवा मुलामा देऊन घ्या. दिवाळीच्या आधी करून टाकावं असं घरात सगळ्यांना वाटतंय. काय करू?

घड्याळजी_नाशिक

ताई, आधी हात आवरा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पावडर यातलं काहीही लावू नका. आपली पितळी भांडी भरीव पितळेची असतात, घासलं की खालून पुन्हा पितळच निघतं. इथे वर सोन्याचा अगदी पातळ थर आहे. पावडरीने तो उंचवट्यांवरून पहिल्यांदा जातो आणि परत येत नाही. संगमरवराचं तर आम्लाशी वैरच. चिंचेचं पाणी ओघळलं तर त्या जागेची झिलई जाऊन पांढरट खरबरीत डाग राहतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, तेवढंच तुमच्या हातात ठेवा. बाकीचं जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम येणाऱ्याला दाखवा.

आता टोले. तुमचं घड्याळ बिघडलेलं नसावं, टोल्यांची बाजू काट्यांपासून चुकली आहे. या फ्रेंच घड्याळांत टोले मोजायला एक खाचांचं चाक असतं. त्याच्या कडेला खाचा वाढत्या अंतरावर असतात: पहिली एका टोल्याएवढी, दुसरी दोनाएवढी, असं बारापर्यंत. एक ते बारा मिळून ७८ टोले, शिवाय अर्ध्या तासाचे बारा. बारा तासांत एकूण ९०. एक लोखंडी आकडा या चाकाच्या कडेवर टेकून असतो. तो खाचेत पडला की टोले थांबतात. काटे किती वाजले आहेत याच्याशी या चाकाचा काही संबंध नाही. ते फक्त शेवटच्या खाचेनंतरची पुढची खाच मोजतं. टोल्यांची स्प्रिंग आधी संपली किंवा कुणी काटे पुढे ढकलताना टोले पूर्ण होऊ दिले नाहीत, की ते कायमचं मागेपुढे राहतं.

उपाय सोपा. उघडं यंत्र असल्याने खाचांचं चाक तुम्हाला दिसेलच, बहुतेक मागच्या बाजूला. टोले पूर्ण देऊन झाले की तो आकडा बोटाने हलकेच उचला आणि सोडा. घड्याळ पुढचे टोले देईल. काट्यांशी जुळेपर्यंत असं करत राहा. काटे उलटे कधीही फिरवू नका. टोले वाजत असताना तर मुळीच हात लावू नका.

शेवंती

काका, हंडी काढायची मला भीती वाटते.

घड्याळजी_नाशिक

दोन जण हवेत. दोन्ही हातांच्या तळव्यांनी खालच्या बाजूला धरायची आणि सरळ वर उचलायची, तिरकी नाही. तिरकी केली तर ती आत लंबकाला किंवा काट्याला लागते. चौथऱ्यावर हंडी बसते त्या खाचेत मखमली गोफ असतो, धूळ आत जाऊ नये म्हणून. तो फेकून देऊ नका. हंडी उचलल्यावर जमिनीवर नको, जाड चादरीवर आडवी ठेवा आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

पितळीडबा

माझं थोडं वेगळं मत आहे. हे घड्याळ ज्याने केलं आणि ज्याने घेतलं त्या दोघांनाही ते झळाळतं हवं होतं. काळपट थर हा काही कारागिराचा हेतू नव्हता. मग आज नीट माणसाकडून पुन्हा मुलामा दिला तर आपण मूळ रूपाकडेच जात नाही का? घरात वापरायची वस्तू संग्रहालयासारखी का जपायची?

सेनकाठ

तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. काळपटपणा हेतू नव्हता हे खरं, आणि अनुभवी माणसाने मळ काढला की खालचं जुनं सोनं पुष्कळदा चांगल्या अवस्थेत निघतं. ते करायलाच हवं. पण नवा मुलामा म्हणजे आज विजेचा मुलामा, कारण पाऱ्याच्या कामावर बहुतेक ठिकाणी कडक निर्बंध आहेत, आणि असलेच पाहिजेत. तो चढवण्याआधी जुना थर काढतात, ब्राँझ घासतात. त्यात कोरीवकामाच्या धारा बोथट होतात, आणि मघा सांगितलेला मंद आणि चकचकीत यांचा फरक सपाट होतो. म्हणजे मूळ रूप परत येत नाही, तिसरंच काहीतरी येतं. ज्या माणसाने छातीत पारा घेऊन ते सोनं चढवलं त्याचं काम आपण कायमचं काढून टाकतो. म्हणून मी ठामपणे नको म्हणते.

पितळीडबा

मंद आणि चकचकीत हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण यंत्राचं काय? तेल द्यायला तरी हरकत नाही ना, शिलाई मशीनचं?

घड्याळजी_नाशिक

आहे हरकत. शिलाई मशीनचं तेल पसरतं आणि सुकून चिकट होतं. घड्याळाचं वेगळं तेल मिळतं, आणि तेही फक्त चाकांची टोकं पाटीच्या भोकांत फिरतात तिथे, सुईच्या टोकावर राहील एवढंच. एस्केपमेंटच्या बाहूंना किंचित. दात्यांना अजिबात नाही. दात्यांवरच्या तेलात धूळ बसून वाळूकागदाचं काम होतं, आणि पोलादी पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकं, झिजतात. उघड्या यंत्रात हंडी नसेल तर हे फार लवकर होतं.

हैदराबादी_मराठी

पॅरिस लांब आहे म्हणून सांगतो, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात घड्याळांचं दालन आहे, फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड अशा बऱ्याच देशांची घड्याळं आहेत. बहुतेक लोक तासाच्या ठोक्याला बाहेर येणारा छोटा माणूस बघायला जमतात आणि निघून जातात. दालनात सकाळी जा, गर्दी कमी असते, काचेजवळ उभं राहता येतं.

शेवंती

टोले जुळले! आकडा उचलत उचलत आणलं, आता तीनला तीन. घरातले सगळे भोवती उभे होते. चिंचेचा बेत रद्द झाला, सासूबाईंना धागा वाचून दाखवला.

हंडी काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. बाराच्या आकड्याच्या वर एक बारीक चौकोनी दांडी आहे, तिच्या एका बाजूला इंग्रजी एस आणि दुसऱ्या बाजूला एफ. आणि किल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याच मापाचं छोटं भोक. हे घड्याळ क्रांतीच्या काळातलं असू शकेल का?

सेनकाठ

नाही, त्यापेक्षा धाकटं. ती दांडी म्हणजे ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजी घराण्याची रचना. छोट्या किल्लीने फिरवली की लंबकाच्या वरची लवचीक पोलादी पट्टी लांब-आखूड होते, आणि घड्याळ न उघडता समोरूनच पुढेमागे करता येतं. ही रचना १८४० च्या सुमाराची. त्याआधी फ्रेंच घड्याळांत लंबक बहुतेकदा रेशमाच्या दोऱ्यावर टांगलेला असायचा. म्हणजे घड्याळ १८४० च्या सुमाराचं किंवा त्यानंतरचं, किंवा जुन्या घड्याळाचा रेशमी दोरा काढून कुणी ही पट्टी बसवली असेल. मागच्या पाटीवर न वापरलेली भोकं दिसतात का बघा. दिसली तर दुसरी शक्यता.

अक्षरांचं सांगते. फ्रान्समधल्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या घड्याळावर ए आणि आर असतात. एस आणि एफ म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या बाजारासाठी केलेलं. तुमच्या आजेसासऱ्यांना ते मुंबईत मिळालं यात त्यामुळे मला नवल वाटत नाही.

शेवंती

मागे जादा भोकं नाहीत. आणखी एक विचारायचं होतं. पुतण्या बोस्टनला असतो, त्याला ते घड्याळ द्यायचं ठरतंय.

गिरगाव_जुनं

थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा जास्त वर्षं जुनी, पुरावशेष ठरणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू परदेशी बनावटीची आहे म्हणून आपण होऊन ठरवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तज्ज्ञ समिती असते, तिच्यापुढे वस्तू ठेवून ती पुरावशेष आहे की नाही ते लेखी घ्या. विमानतळावर अडवलं तर घड्याळही जातं आणि मनस्तापही होतो.

घड्याळजी_नाशिक

आणि कुठेही न्यायचं झालं, अगदी या खोलीतून त्या खोलीत, तरी आधी लंबक काढा. लंबक लटकता ठेवून हलवलं की ती पोलादी पट्टी मुरगळते. नव्या जागी ठेवल्यावर कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं असलं पाहिजे. लंगडत असेल तर चौथऱ्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सारून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने बरोबर होतं. तरीही लंगडलं तर लंबकाला धरणारा दांडा किंचित वाकवावा लागतो. ते तुम्ही करू नका, मला फोटो आणि आवाज पाठवा, मी सांगतो.

शेवंती

बोस्टनचं तूर्त थांबवलं. आवाज उद्या सकाळी, रस्त्यावर गाड्या नसताना रेकॉर्ड करून इथेच टाकते.